जावक क्रमांक द्या : मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्यांना सोलापुरातून एक खुले पत्र

प्रति,
मोबाइल अ‍ॅप तयार करणारे अभियंते, आणि ती त्यांच्याकडून तयार करून घेणाऱ्या कंपन्या, बँका व कार्यालये यांचे प्रमुख

विषय : नेट नसताना किंवा अर्धवट असताना अ‍ॅपने कसे वागावे याबाबत.

महोदय, महोदया,

मी सोलापुरात एका कार्यालयात लिपिक म्हणून २९ वर्षे नोकरी केली आणि त्यांतली ११ वर्षे आवक-जावकाच्या टेबलावर काढली. हे टेबल सहसा कोणी मागून घेत नाही, पण टपालाच्या कामाची एक रीत तिथे बसल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. साहेबांची सही झालेले पत्र टेबलावर आले की त्याची नोंद आधी जावक नोंदवहीत होते, त्याला क्रमांक आणि तारीख पडते, आणि मगच ते पाकिटात जाते. पोस्टमन त्या दिवशी येवो अथवा न येवो, पत्र झालेले असते. “आज पोस्ट बंद आहे, तेव्हा मसुदा फाडून टाका आणि उद्या पुन्हा लिहा,” असे मी ११ वर्षांत कोणाला सांगितले नाही. सांगितले असते, तर दुसऱ्या दिवशी माझ्याच नावाची कारणे दाखवा नोटीस मला जावक करावी लागली असती. आपली बरीच अ‍ॅप्स लोकांना हेच रोज सांगतात, म्हणून हे पत्र.

माझा भाचा डाळिंब खरेदी करणाऱ्या एका कंपनीसाठी सांगोला तालुक्यात बागांची पाहणी करतो. शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, झाडांची संख्या, कोणता बहार धरला आहे, तेल्या रोगाचे डाग किती फळांवर दिसतात, आणि चार फोटो, एवढे अ‍ॅपमध्ये भरून ‘सबमिट’ दाबायचे, असे त्याचे काम आहे. मृग बहाराची फळे रंगावर आली होती तेव्हा मी एक दिवस त्याच्याबरोबर गेले. बागेत फोनवर एकही दांडी नव्हती, म्हणून तो शेततळ्याच्या भरावावर चढला. तिथे दोन दांड्या दिसल्या. त्याने बटण दाबले, गोल फिरू लागला, आणि आम्ही तिघे, म्हणजे तो, मी आणि हातात कात्री घेऊन उभा असलेला बागेचा मालक, त्या गोलाकडे पाहत राहिलो. दोनेक मिनिटांनी पाटी आली : ‘काहीतरी चूक झाली आहे. पुन्हा प्रयत्न करा.’ त्याने मागे जाण्याचा बाण दाबला तर समोर कोरा फॉर्म. फोटो अ‍ॅपच्या आतूनच काढलेले असल्याने ते गॅलरीतही नव्हते. भाचा चिडला नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले. त्याने पिशवीतून शंभर पानी वही काढली. तिच्यात सगळे आकडे बॉलपेनने आधीच लिहिलेले होते. “मावशी, मी आधी वहीत लिहितो, मग ह्यात भरतो. ह्याचा भरवसा न्हाई,” तो म्हणाला आणि फोटो काढायला पुन्हा झाडांकडे गेला. कागद वाचावा म्हणून आणलेल्या अ‍ॅपला आता कागदाचा आधार लागतो आहे, आणि त्या वहीचे दहा-वीस रुपये भाच्याच्या खिशातून जातात.

त्या दोन दांड्यांबद्दल थोडे लिहिते, कारण लोकांचा आणि काही अ‍ॅप्सचाही समज तिथेच चुकतो. दांड्या फक्त फोन आणि जवळचा टॉवर यांच्यातला रेडिओ संपर्क किती जोमाचा आहे ते दाखवतात. टॉवरच्या पलीकडचा रस्ता मोकळा आहे की नाही, याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. माझी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करते. तिने मला सांगितले की अँड्रॉइड या दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवतो : जोडणी इंटरनेटसाठी आहे ही एक, आणि तिच्यातून इंटरनेट खरोखर लागत असल्याची खात्री झाली आहे ही दुसरी. पुष्कळ अ‍ॅप्स पहिलीच पाहून समाधान मानतात. दुसरी पाहिली तरी ती काही क्षणांपूर्वीची असते. तेव्हा फोनला ‘नेट आहे का?’ असे विचारत बसण्यापेक्षा पाठवून पाहावे, ठरावीक वेळ वाट पाहावी, आणि नाही गेले तर ठेवून द्यावे.

नेट आहे आणि नेट नाही, या दोनच अवस्था धरून आपण काम करता असे दिसते. आमच्याकडे दिवसाचा बराच वेळ तिसऱ्या अवस्थेत जातो. जोडणी असते, पण तिच्यातून काही सरकत नाही. जानेवारीत होम मैदानावर सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरला की एका टॉवरच्या वाट्याला येणारी माणसे एवढी वाढतात की पूर्ण दांड्या असलेल्या फोनवर साधे पान उघडत नाही. आषाढीला पंढरपुरात काय होत असेल ते यावरून ओळखावे. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना गाडीबरोबर फोनही टॉवरमागून टॉवर बदलत जातो आणि अधूनमधून त्याचा धागा तुटतो. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी उतरली की तोही गप्प होतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळा या भागांतल्या माणसांना निरोप पाठवण्याची जेवढी गरज होती तेवढी एरवी कधीच नसते. नेट अडखळणे हा आमच्याकडे अपवाद नसून रोजचा भाग आहे, आणि अ‍ॅप आखताना तो पहिल्या दिवसापासून धरला गेला पाहिजे.

माझी पहिली मागणी जावक नोंदवहीची आहे. माणसाने बटण दाबले की माहिती आणि फोटो आधी फोनमध्येच पक्के लिहिले जावेत, आणि सर्व्हरकडे पाठवण्याचा उद्योग त्यानंतर सुरू व्हावा. यासाठी वेगळा खर्च नाही. एसक्यूलाइट नावाची छोटी माहितीपेढी, म्हणजे डेटाबेस, २००० सालापासून उपलब्ध आहे, तिला कोणाची परवानगी किंवा शुल्क लागत नाही, आणि ती प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये व आयफोनमध्ये आधीच बसलेली आहे. पाठवायचे राहिलेले काम रांगेत ठेवून, फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी ते न विसरता नेट आल्यावर करण्यासाठी गूगलने २०१८ मध्ये अँड्रॉइडसाठी वर्कमॅनेजर नावाचे तयार साधन आणले. म्हणजे नोंदवही, टेबल आणि शिपाई तिन्ही हजर आहेत, फक्त कोणी त्यांना कामाला लावलेले नाही. काही फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली पडद्यामागचे काम मारून टाकतात, ही अडचण खरी आहे. त्यासाठी अ‍ॅप उघडल्याबरोबर राहिलेली रांग आपोआप पुढे सरकावी, आणि ‘आता पाठवा’ असे एक साधे बटणही असावे.

दुसरी मागणी क्रमांकाची. तिची हकीकत बागेतली नसून चाटी गल्लीतली आहे. तिथे माझ्या दिरांचे चादरी आणि टॉवेलचे दुकान आहे, आणि गड्ड्याच्या दिवसांत मी गल्ल्यावर बसते. विजापूरकडचे एक कुटुंब चार चादरी घेऊन निघाले होते. त्यांनी १,८४० रुपये पाठवले. त्यांच्या फोनवर गोल फिरत राहिला, आमचा पैसे आल्याचे बोलून दाखवणारा डबा मुका राहिला. बसची वेळ होत आली होती. शेवटी त्या गृहस्थांनी पुन्हा पाठवले, आणि या वेळी डबा बोलला. ते गेल्यावर पाच मिनिटांनी डबा दुसऱ्यांदा बोलला, तेवढ्याच रकमेचा. सुदैवाने पावतीवर त्यांचा नंबर लिहिलेला होता, म्हणून पैसे परत करता आले. त्यांचा निरोप कानडीत आला आणि तो शेजारच्या दुकानदाराने मला समजावून सांगितला.

या गोंधळाच्या मुळाशी एक जुनी अडचण आहे. पाठवलेले पोहोचले नाही, की पोहोचले पण त्याची पोच परत येताना हरवली, हे पाठवणाऱ्याला आपल्या बाजूने कळूच शकत नाही. संगणकशास्त्रात याला दोन सेनापतींचा प्रश्न म्हणतात आणि तो पूर्णपणे सुटत नाही असे सिद्ध झालेले आहे. टपालात आम्ही तो सोडवला नव्हता, पण निरुपद्रवी केला होता. पोच आली नाही तर तेच पत्र त्याच जावक क्रमांकाने पुन्हा पाठवायचे. समोरचा आवक लिपिक क्रमांक पाहतो, हे आधी आलेले आहे असा शेरा मारतो आणि पहिल्याचीच पोच पुन्हा देतो. एका मागणीवर दोनदा कारवाई होत नाही. आपल्याकडे हेच करायचे आहे. बटण दाबताक्षणी फोनने त्या कामाला एक न बदलणारा क्रमांक द्यावा, पुन्हा पाठवताना तोच जावा, आणि सर्व्हरने एक क्रमांक एकदाच मोजावा. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा पाठवले तेव्हा त्या व्यवहाराला नवा क्रमांक पडला, म्हणून यंत्रणेच्या लेखी ती दोन स्वतंत्र देणी झाली. त्याच दुकानदाराला, तेवढीच रक्कम, आणि आधीचा व्यवहार अजून अधांतरी असताना कोणी पुन्हा पाठवत असेल, तर अ‍ॅपने निदान एकदा थांबवून विचारायला काय हरकत आहे?

बँकांना हे ठाऊक नाही असे नाही. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला मिळाले नाहीत, अशा यूपीआय व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत व्हावी आणि त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या सप्टेंबरातच सांगून ठेवले आहे. इंटरनेटशिवाय *९९# फिरवून पैसे पाठवण्याची सोयही २०१४ पासून देशभर आहे, जरी गल्ल्यावर बसून ती वापरणारे गिऱ्हाईक मी अजून पाहिलेले नाही. अर्धवट राहिलेल्या व्यवहाराचे काय करायचे, याचा विचार पैशांच्या बाबतीत झाला. बागेच्या नोंदीच्या, दवाखान्याच्या नंबराच्या, शाळेच्या हजेरीच्या बाबतीत तो फारसा झालेला दिसत नाही.

तिसरी गोष्ट पोचेची, आणि तिथे मला आपल्याकडून केवळ खरेपणा हवा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवला की आधी घड्याळ दिसते, मग एक टिक, मग दोन. फोनमध्ये थांबला आहे, सर्व्हरवर गेला आहे, समोरच्याच्या फोनवर पोहोचला आहे, हे एकही शब्द न लिहिता कळते, आणि ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही अशा विडी कामगार बायकांनाही इथे ते नीट समजते. याउलट कामाच्या अ‍ॅप्समध्ये एक तर ‘काहीतरी चूक झाली’ असते, नाही तर हिरवी खूण आणि ‘यशस्वी’. ही हिरवी खूण माहिती फक्त फोनमध्ये लिहिली गेली असतानाच दाखवणे हे कोऱ्या फॉर्मपेक्षाही वाईट, कारण माणूस निर्धास्त होऊन वही मिटतो. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा फोन मंद चालतो म्हणून मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराने तिच्या कामाच्या अ‍ॅपचा ‘डेटा क्लिअर’ करून दिला. त्या डेटात तीन दिवसांच्या न गेलेल्या नोंदी होत्या. त्या न गेलेल्या आहेत हे तिलाच माहीत नव्हते, तर पोराला कुठून असणार? पहिल्या पडद्यावर ‘पाठवायच्या राहिल्या : २३’ एवढा आकडा दिसला असता तरी पुरे होते.

लॉगिनचेही असेच. माणूस गावात पोहोचला की अ‍ॅप त्याला बाहेर काढते आणि ओटीपी मागते. गंमत अशी की ओटीपी येतो. एसएमएस इंटरनेटच्या वाटेने येत नाही आणि त्याला फार थोडा सिग्नल पुरतो. पण आलेला ओटीपी सर्व्हरला परत कळवायला नेट लागते, आणि ते नसते. सुरक्षिततेसाठी पुन्हा ओळख पटवून घ्या, पण ती नेट असलेल्या जागी घ्या. शेतात उभ्या असलेल्या माणसाला स्वतःच्याच नोंदींपासून तोडू नका.

खाडाखोडीबद्दल एक सांगते. नोंदवहीत चुकलेली ओळ आम्ही खरडून काढत नसू. तिच्यावर एक आडवी रेघ मारून बाजूला सही करायची आणि खाली नवी ओळ लिहायची. दोन माणसांनी नेट नसताना एकाच बागेची नोंद बदलली तर बरीच अ‍ॅप्स शेवटी आलेली नोंद ठेवतात आणि आधीची गुपचूप पुसतात. शेवटी आलेली नोंद नंतर लिहिलेली असतेच असे नाही, आणि फोनचे घड्याळ तर कोणीही पुढे-मागे करू शकते. दोन्ही ठेवा, कोणी केव्हा लिहिली ते दाखवा, आणि निवड त्या कामातल्या माणसावर सोडा.

फोटोंचा हिशेब थोडक्यात. पाच एमबीचा फोटो सेकंदाला १०० किलोबिट वेगाने जायला साधारण सात मिनिटे लागतात. तोच २०० केबीचा केला तर सोळा सेकंद. तेल्याचा डाग २०० केबीतही दिसतो. मोठाच फोटो हवा असेल तर तो तुकड्यांनी पाठवा, म्हणजे धागा तुटला तरी पुढचा तुकडा तेवढा राहील आणि सगळे पहिल्यापासून चढवावे लागणार नाही.

यावर एक आक्षेप मी ऐकला आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. नेटशिवाय नोंद घेऊ दिली तर माणसे घरी बसून खोट्या नोंदी भरतील, अशी भीती अ‍ॅप तयार करून घेणाऱ्या मंडळींना वाटते. पण फोनला ठिकाण कळते ते उपग्रहांकडून. नेटने पहिला ठावठिकाणा लवकर लागतो एवढेच. उघड्या रानात, नेट नसतानाही, फोटोबरोबर अक्षांश-रेखांश नोंदवता येतात. खोटे ठिकाण दाखवणारा माणूस नेट असतानाही ते दाखवतोच. कागदपत्र खरे आहे का हे तपासायलाही दर वेळी सर्व्हर लागत नाही : आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडमध्ये प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असते आणि ती नेटशिवाय पडताळता येते.

सगळेच नेटशिवाय चालावे असा माझा हट्ट नाही. गाडीतली शेवटची जागा दोघांना फोनमधल्या फोनमध्ये देऊन टाकता येणार नाही, आणि खात्यातली शिल्लक जुन्या आकड्यावरून सांगू नये. अशा ठिकाणी ‘हे नेटशिवाय होणार नाही’ असे पहिल्याच पडद्यावर, माणसाने वीस रकाने भरण्यापूर्वी सांगावे. आणि जुनी माहिती दाखवायचीच तर ती केव्हाची आहे ते लिहावे. बाजार समितीतला कांद्याचा कालचा भाव कालचा म्हणून दाखवला तर उपयोगी आहे; आजचा म्हणून दाखवला तर शेतकऱ्याचे गाडीभाडे वाया जाईल.

‘नेटवर्क भरवशाचे असते’ हा प्रोग्रॅमरांचा पहिला गैरसमज म्हणून सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीत काम करणाऱ्या पीटर डॉइच यांनी १९९४ मध्येच लिहून ठेवला होता, असे मुलगी सांगते. २०१५ मध्ये फेसबुकने आपल्या कर्मचाऱ्यांना मंगळवारी तासभर टू-जीच्या वेगाने आपले अ‍ॅप वापरून पाहण्याची सोय केली, कारण भारतासारख्या देशांत ते कसे चालते हे कचेरीतल्या वायफायवर कळत नव्हते. आपल्या कचेरीतही वायफाय चांगलेच असणार.

म्हणून करून घेणाऱ्या कार्यालयांना आणि कंपन्यांना माझी विनंती अशी की, निविदेत किंवा करारात एक चाचणी लिहून घ्यावी आणि ती पास झाल्याशिवाय शेवटचे बिल काढू नये. साधा, दोन-तीन वर्षे वापरलेला फोन घ्यावा. तो विमान मोडवर टाकून दहा फॉर्म फोटोंसह भरावेत. मग फोन बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी सुरू करून सांगोल्याच्या एसटीत बसावे, विमान मोड काढावा, आणि वाटेत नेट येत-जात असताना अ‍ॅपला त्याचे काम करू द्यावे. सांगोल्यात उतरल्यावर कचेरीत फोन करून सर्व्हरवर किती नोंदी आल्या ते विचारावे. उत्तर दहा यायला हवे. नऊ नको आणि अकराही नको. एखादी वाटेत असेल, तर तसे फोनवर लिहिलेले दिसायला हवे.

चाचणीसाठी माणूस मिळत नसेल तर माझा भाचा तयार आहे. त्याला सोमवारी आणि गुरुवारी त्याच मार्गाने जायचे असते. वही त्याच्याजवळ असेलच. आकडे जुळवायला ती उपयोगी पडेल.

कळावे.

आपली,
सोलापुरातील एक निवृत्त आवक-जावक लिपिक